बेली डान्सचा क्लास लावलाय (सांगली), क्लासमध्ये जमतं आणि घरी विसरतं. पैसा वसूल कसा करू?

हळदीची_चिमूट (सांगली)

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते, वय ४१. दिवाळीनंतर विश्रामबागेत बेली डान्सची बॅच सुरू झाली, शनिवार-रविवार संध्याकाळी. मॅडम कोल्हापूरहून येतात. घरात थोडं 'आता हे काय नवीन' झालं, पण नवऱ्याने फी भरली आणि विषय संपला. सासूबाईंना 'व्यायामाचा क्लास' एवढंच सांगितलंय. ते काही खोटं नाही.

आता अडचण. मॅडम पुढे उभ्या राहून करतात, आम्ही बघून बघून करतो. त्या वेळी जमल्यासारखं वाटतं. सोमवारी ओट्यापाशी तेच करायला गेलं की कंबर एकीकडे, खांदे भलतीकडे. हिप ड्रॉप (कुल्हा वर घेऊन ठोक्यावर खाली सोडायचा तो) उजव्या बाजूने बरा होतो, डावी बाजू मेल्यासारखी. शिमी, म्हणजे ती कुल्ह्यांची सलग थरथर, करायला घेतली की अर्ध्या मिनिटात मांड्या भरून येतात, आणि कंबरेत मागच्या बाजूला कळ येते. पुढच्या रांगेत कॉलेजच्या पोरी आहेत, त्यांना एकदा दाखवलं की येतं. त्यांच्याकडे बघून मॅडम पुढे सरकतात आणि आम्ही मागच्या तिघी एकमेकींकडे बघत बसतो. मोबाइलमध्ये व्हिडिओंचा ढीग झालाय, एकही पुन्हा उघडला नाही.

बॅच मार्चअखेर संपणार. मार्च म्हणजे आमच्या दुकानात वर्षअखेर, त्यामुळे घरी रात्री दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर मिळाली. एवढ्यात काय करावं? तो नाण्यांचा छुमछुम पट्टा घ्यावा का? वेगळी शिकवणी लावावी का? आणि मॅडम सारखं म्हणतात, 'म्युझिक ऐका, फील करा.' म्हणजे नेमकं करायचं काय ओ? मला त्या गाण्यांतलं अक्षर कळत नाही.

तात्या_औदुंबर

घरात लावणीसारखं सोनं असताना पोट हलवायला इजिप्तला कशाला जायचं म्हणतो मी. असो. शुभेच्छा.

बोगद्यापलीकडची (सातारा)

तात्या, लावणी मी शिकले आहे आणि शिकवतेही. एक शिकली म्हणून दुसरी शिकायची बंदी कुणी घातली? चला, सरका बाजूला.

चिमूट, मी साताऱ्यात घरच्या हॉलमध्ये बायकांची छोटी बॅच घेते. आधी कथक होतं, मग नोकरीला पुण्यात असताना हा नाच शिकले. तेव्हा आता लिहितेय ते शिकवणारीच्या बाजूने. थोडं कडक लागेल, चालवून घे.

सगळ्यात आधी मागच्या रांगेतून उठ. लाजाळू बायका मागे उभ्या राहतात आणि मग मॅडम लक्ष देत नाहीत म्हणतात. अगं, शिकवणारीला दिसलं तर ती बोलेल ना! अगदी पुढे नको, पण एका कडेला, जिथून तू आरशात पूर्ण दिसशील आणि मॅडमना तुझे गुडघे दिसतील, अशी जागा धर. दहा मिनिटं आधी पोचलीस की ती मिळते. आणि ढगळ कुर्ता घालून जात असशील तर तो बंद. माझ्याकडे बायका गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालून येतात आणि विचारतात, 'बरोबर होतंय का?' मला काय दिव्यदृष्टी आहे? पोट उघडं टाकायची काही गरज नाही. अंगासरशी टी-शर्ट, लेगिंग्ज आणि वरून ओढणी. ओढणी कंबरेला बांधायची नाही, खाली, कुल्ह्यांची हाडं हाताला लागतात तिथे घट्ट बांधायची, गाठ एका बाजूला. कापड हललं की कुठली बाजू आळशी आहे ते लगेच दिसतं.

नाण्यांचा पट्टा घ्यायला हरकत नाही, पण शोभेसाठी घेऊ नकोस. त्याचा खरा उपयोग कानाला आहे. शिमी दोन्हीकडे सारखी असेल तर आवाज एकसलग येतो. एक बाजू ढिली असेल तर छुम-छ, छुम-छ असा लंगडा येतो. आरशापेक्षा हा आवाज जास्त खरं बोलतो. फक्त क्लासमध्ये मॅडम बोलत असताना तो वाजवत उभी राहू नकोस, सगळ्यांची डोकी फिरतात.

आता तुझी मेलेली डावी बाजू. मॅडमना 'मला येत नाही' असं सांगून उपयोग नाही, त्यावर त्या 'प्रॅक्टिस करा' याशिवाय काय सांगणार? विचार असं: 'डावा हिप ड्रॉप करताना माझं वजन कुठे आहे, बघता का?' मी इथूनच पैज लावते, की ते दोन्ही पायांवर अर्धं अर्धं वाटलेलं असणार. डावा कुल्हा चालवायचा तर वजन उजव्या पायावर हवं, उजवा गुडघा किंचित सैल, डावा पाय अर्धं पाऊल पुढे आणि नुसत्या चवड्यावर. मग डावा कुल्हा आधी वर घे आणि ठोक्यावर खाली सोड. खाली ढकलायचा नाही, सोडायचा. आता परीक्षा: त्याच स्थितीत डावा चवडा जमिनीवरून कागदाएवढा उचलून बघ. धड न डुलता उचलता आला, तर वजन ठीक आहे. डुललीस, तर नाच बाजूला ठेव आणि आधी वजन सरकवायला शीक. माझ्या बॅचला मी पहिले काही आठवडे हेच करायला लावते. बायका कंटाळतात. दोघी-तिघी सोडूनही जातात. जाऊ देत.

शिमीचं सांगते. ती कुल्ह्यांतून करायला जातात आणि तिथेच फसतात. ती गुडघ्यांची आहे. एक गुडघा सरळ होतो तेव्हा दुसरा वाकतो, टाचा दोन्ही जमिनीला, आणि कुल्हे वर आपोआप हलतात. गुडघा पूर्ण ताठ करून मागे ढकलायचा नाही. बसायचा भाग ढिला सोडायचा, तो आवळला की मांड्या भरून येतात. श्वास रोखलास तरी तेच. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीला एक गुडघा, इतक्या हळू सुरू कर. ते दोन मिनिटं न बिघडता झालं की टिकटिकीला दोन. घाई करून अंग थरथरवणं म्हणजे शिमी नव्हे, थंडी वाजल्यावर तेवढं कुणालाही येतं.

माझ्याकडे एसटीत कंडक्टर असलेली एक जण येते. पहिल्या दिवसापासून तिचे गुडघे सैल, पाठ सरळ, वजन हवं तसं या पायावरून त्या पायावर. खंबाटकी घाटात उभ्याने तिकिटं फाडणाऱ्या बाईला मी तोल काय शिकवणार? कॉलेजच्या पोरी पाठ पटकन करतात, पण तिच्यासारखं उभं राहणं त्यांना यायला वेळ लागतो. तेव्हा पुढच्या रांगेचा धसका घेऊ नकोस. पोरींच्या स्टेप्स बघू नकोस, त्यांचे खांदे बघ. कुल्हा हलताना खांदा पण हलतोय ना? मग तिला यायचंय अजून. छाती उचललेली, खांदे गप, आणि खाली काम चालू, हे वेगळं करता येणं हाच या नाचाचा पाया. स्टेप्स काय, पन्नास मिळतात.

व्हिडिओंचा ढीग पुसून टाक. मनापासून सांगते. शूटिंग करताना बाई शिकत नाही, ती कॅमेरा धरते. क्लास सुटला की गाडी सुरू करायच्या आधी, तिथेच पार्किंगमध्ये, तीन ओळी लिही, स्वतःच्या भाषेत. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत 'माया' नावाच्या हालचालीचं असं आहे: 'माया. कुल्हा आधी वर, मग बाहेर, मग खाली. टाच उचलली तर मॅडम ओरडतात.' एवढंच, पण ती वही उघडली की तिचं अंग बरोबर वळतं. फारच वाटलं तर मॅडमना विचारून एकाच हालचालीचा पाठमोरा, वीस सेकंदांचा व्हिडिओ घे. पुढच्या आठवड्यात तो काढून नवा.

घरी दहा मिनिटं भरपूर आहेत, जर तू अख्खा नाच करायला गेली नाहीस तर. आठवड्याला एकच गोष्ट धर. आधी डावी बाजू, हळू, संगीताशिवाय. मग उजवी, फक्त ताडून बघायला. मग एक गाणं लावून जे येईल ते, आरशाकडे पाठ करून. झालं. ओट्यापाशी उभं राहून करतेस ते उत्तम आहे, आधाराला कट्टा असतो. फक्त मोजे घालून फरशीवर करू नकोस, घसरशील.

वेगळी शिकवणी आत्ता नको. फेब्रुवारीअखेर लाव, एकच तास, तुम्ही मागच्या तिघी मिळून फी वाटून घ्या, आणि जाताना प्रश्नांची यादी घेऊन जा. रिकाम्या हाताने खाजगी शिकवणीला गेलं की तो तास पण सगळ्या बॅचसारखाच जातो.

राहिलं 'फील करा'. हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण ते सांगणं सोपं असतं. मॅडमना विचार, की हे गाणं बलदी पद्धतीचं आहे की मंचावरच्या रक्स शर्कीचं? दोन्हींत अंग वेगळं लागतं. बलदी घरगुती, जागच्या जागी, वजन खाली. त्यात पुष्कळदा अकॉर्डियन ऐकू येईल. मंचावरचा प्रकार कैरोच्या क्लबांत वाढला. बदिया मसाबनी नावाच्या बाईने १९२६ मध्ये तिथे आपला क्लब काढला, मोठं स्टेज आलं, तसे हात लांब झाले, गिरक्या आल्या, स्टेजभर फिरणं आलं. सामिया गमाल आणि तहिया कॅरिओका दोघी तिच्याच तालमीतल्या. त्यांचे जुने कृष्णधवल इजिप्शियन सिनेमांतले नाच यूट्यूबवर आहेत. आधी तहिया बघ. हातभर जागेत सगळं करते आणि चेहऱ्यावर जणू काही विशेष घडतच नाही. मग सामिया बघ, तिला स्टेज पुरत नाही. दोघींचे नुसते पाय बघ एकदा. अकॉर्डियनवर संथ बलदी चालू असताना स्टेजभर धावणारी बाई मग तुला आपोआप खटकायला लागेल. तसं खटकणं म्हणजेच 'फील'. तालाचं मात्र कुणी वाजवणाऱ्याने सांगावं, माझं तालाचं ज्ञान कथकच्या हिशेबातलं आहे.

फिजिओ_मिरज

वरचं सगळं वाचलं, गुडघ्याचा मुद्दा एकदम बरोबर. कंबरेच्या कळेबद्दल थोडं.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे मांडीच्या वरच्या, पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात. मग उभं राहिलं की ओटीपोट पुढे कलतं आणि कंबरेत खोलगट कमान पडते. त्या कमानीवर शिमी केली की सगळा भार कंबरेच्या सांध्यांवर. क्लासला जाताना पाचेक मिनिटं भरभर चालून घ्या, विश्रामबागेत जागा भरपूर आहे. घरी चटईवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवून, आणि कंबर हळूच जमिनीला टेकवा, सोडा, टेकवा, सोडा. श्वास चालू ठेवून. हीच हालचाल पुढे उभ्याने पोटाच्या लाटेत वापरायची आहे, त्यामुळे व्यायाम आणि रियाज एकदमच होतो. उभ्याने शेपटीचं हाड जमिनीकडे सोडा, आत कोंबू नका.

मांड्या, पोट दुखणं दोन-तीन दिवसांत कमी होत असेल तर चिंता नाही. पण कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, बधिरपणा वाटत असेल, किंवा रात्री झोप मोडत असेल, तर क्लास थांबवा आणि प्रत्यक्ष दाखवा. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही.

ढोलकी_ऑक्टापॅड (मिरज)

ताई, मी आधी तमाशात ढोलकी वाजवायचो, आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड. तालाचं माझ्याकडून घ्या.

तुमच्या त्या गाण्यांत जे वाजतं ते दरबुका. आकार डमरू एका बाजूने कापल्यासारखा. मधोमध मारलं की 'दुम', काठावर 'तक'. दोनच अक्षरं धरा. आपल्या केरव्यासारख्या आठ मात्रा मोजा, आणि बघा:

मक्सूम: दुम तक – तक । दुम – तक –
बलदी: दुम दुम – तक । दुम – तक –
सईदी: दुम तक – दुम । दुम – तक –
मलफूफ: दुम – – तक । – – तक –

रेघ म्हणजे रिकामी मात्रा. मक्सूममधला दुसरा तक काढून तिथे दुम टाकला... थांबा, नीट सांगतो: दुसऱ्या मात्रेवरचा तक बदलून दुम केला की बलदी. चौथ्या मात्रेवरचा तक बदलून दुम केला की सईदी. बाकी सांगाडा तोच. सईदी ओळखायची खूण म्हणजे मधले दोन दुम एकामागोमाग, चौथी आणि पाचवी. मलफूफ तीन-तीन-दोन असा पळतो, कलाकार स्टेजवर येताना-जाताना बऱ्याचदा हाच असतो.

करायचं काय? गाणं लावा आणि भाजी निवडताना फक्त दुमला मान हलवा. तक सोडून द्या. दोन-चार दिवसांनी दुम तोंडाने म्हणा, तकला चुटकी. एकदा ते बसलं की हिप ड्रॉप कुठे टाकायचा हे मॅडमना विचारावं लागणार नाही, दुम आला की कुल्हा खाली. वाजवणारे खूप नक्षी करतात मधे, पण खालचा दुम सोडत नाहीत. आणि एकटी बासरी किंवा कानून (ते तारांचं वाद्य) सुरू झालं आणि ताल गप झाला, तर त्याला तकसीम म्हणतात. आपली आलापीच. तिथे ठोका शोधत बसू नका, सुराबरोबर सावकाश कुल्ह्यांचा आठ काढा.

तात्या_औदुंबर

ढोलकीवाले, हे बाकी नाद खुळा समजावलंत. आता एक शंका. पुरुषांना यात काही आहे की नाही?

बोगद्यापलीकडची (सातारा)

आहे की तात्या. ढोलकीदादांनी सईदी सांगितला ना, तो वरच्या इजिप्तचा, म्हणजे नाईलच्या दक्षिण भागातला. तिथे पुरुष लाठी घेऊन तहतीब खेळतात, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय तो खेळ. बायकांचा काठीचा नाच त्याच्याच अंगाने येतो. महमूद रेडाने १९५९ मध्ये कैरोत पथक काढून असले गावाकडचे नाच स्टेजवर आणले, आणि तो स्वतः नाचायचा. तुम्ही काठी घ्या, चिमूट ओढणी घेईल.

हळदीची_चिमूट (सांगली)

सगळ्यांचे आभार. लगेच लिहायचं होतं पण म्हटलं एक शनिवार-रविवार करून बघू.

कडेची जागा धरली. 'माझं वजन कुठे आहे बघता का' हे विचारल्यावर मॅडम थांबल्याच. माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, दोन बोटं उजव्या कुल्ह्याच्या हाडावर ठेवली आणि म्हणाल्या, 'इकडे या पूर्ण.' मला वाटत होतं मी आलेच आहे. त्यांच्या बोटांखाली हाड आणखी चांगलं इंचभर सरकलं, तेव्हा कुठे डावा पाय हलका झाला. चवडा उचलायची परीक्षा अजून डुलतच होते. मग त्यांनी सगळ्या बॅचलाच ती करायला लावली आणि पुढच्या रांगेतली एक पोरगी चक्क आरशावर जाऊन आदळली. (लागलं नाही तिला.)

गाणं बलदी आहे. हे विचारल्यावर मॅडम इतक्या खूश झाल्या की पाणी प्यायच्या सुट्टीत त्याच बोलत बसल्या. अकॉर्डियन मला ऐकू आलं! इतके दिवस मी ते पेटी समजत होते. दुमला मान हलवणं भाजी निवडताना जमतंय, पण ऑफिसात कॅल्क्युलेटर बडवताना पण होतं, शेजारचे दिवाणजी बघतात.

चटईवरचा व्यायाम करते. कळ पायात वगैरे उतरत नाही, क्लासनंतर फक्त. आधी चालून गेले तर या वेळी कमी वाटली.

सासूबाईंनी घड्याळाच्या टिकटिकीवर गुडघे हलवताना बघितलं. 'गुडघ्याला चांगलं असतं का गं हे?' म्हणाल्या. आता त्या सोफ्यावर बसून टाचा टेकवून करतात.

पट्टा अजून घेतलेला नाही. ढोलकीदादा, एक विनंती. नुसता बलदी, कसलीही नक्षी न करता, पाच मिनिटं ऑक्टापॅडवर वाजवून टाकता का इथे? यूट्यूबवर मिळतं त्यात वाजवणारे मधेच सुटतात आणि माझा ठोका हरवतो.

ढोलकी_ऑक्टापॅड (मिरज)

टाकतो की. आज हळदीची सुपारी आहे, उद्या रात्री करतो. कितीच्या लयीत हवा, मिनिटाला १०० ठोके चालतील?

हळदीची_चिमूट (सांगली)

८० ठेवा दादा. १०० ला उजवी येते, डावी मागे राहते.

बोगद्यापलीकडची (सातारा)

७० चा पण एक टाका. माझ्या बॅचला लागेल.